माहेरचं मांजर, सासरचा कारवान

लग्नाची तारीख, मंगल कार्यालय, आचारी, सगळं ठरतं. पण वरवंडच्या मळ्यात नवरदेवाचा कारवान कुत्रा आहे आणि नवरी माहेरचं मांजर आणणार, हे कुणाच्याच यादीत नसतं. कारवान नजरेनं शिकार करणारा. पळतं काही दिसलं की सुटलाच. म्हणून पहिली ओळख वासाची. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात. गालावरून फडकं फिरवून ते कुत्र्याच्या गोणपाटाजवळ ठेवावं, त्याचं फडकं मांजरापाशी. मांजर तोंड अर्धवट उघडून चेहरा वाकडा करतं, ती नापसंती नव्हे. टाळूतलं वेगळं घ्राणेंद्रिय तपासणी करत असतं. मग जाळीच्या दाराआडून भेट, कुत्रा साखळीला. वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात मांजराला कुत्र्यांची सवय झाली असेल, तर काम सोपं. आणि हळदीचा डीजे चालू असताना हा प्रयोग अजिबात नको.