टोकदार नखे आणि पार्लरचा गल्ला

पार्लरच्या काचेवर सुईसारख्या ‘स्टिलेटो’ नखांचा फोटो पाहून पावले थबकतात. पण त्या नखांनी कणीक मळायची कशी? लांब नख म्हणजे तरफच. टोकाला लागलेला धक्का मुळाकडे लांबीच्या प्रमाणात वाढून पोचतो आणि कृत्रिम नखासोबत खरे नखही उचकटू शकते. बदामी आकार रोजच्या कामात त्यामानाने टिकतो. म्हणून मला वाटते, विचित्र आकार ही पाटी. धंदा चालतो तो नखाच्या वाढीवर.

हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. त्यावर लावलेले कृत्रिम नखाचे जेल नखासोबत पुढे सरकते, मुळाशी फट दिसू लागते. दोन-तीन आठवड्यांनी ती फट भरायला, म्हणजे ‘रिफिल’साठी, पुन्हा खुर्चीत बसावेच लागते. हात सफाईदार असेल तर ग्राहक त्याच पार्लरमध्ये परततो.

कृत्रिम नखांच्या या कलेचे मूळ दातांच्या दवाखान्यात आहे. १९५४ साली फ्रेड स्लॅक या अमेरिकी दंतवैद्याने आपले तुटलेले नख दातांसाठीच्या अ‍ॅक्रिलिकने जोडले. आजचे जेलही त्याच कुळातले: दिव्याच्या अतिनील प्रकाशात सुटे रेणू साखळीने जोडले जाऊन कडक होतात. अर्धवट सुकलेले जेल कातडीला वारंवार लागले तर अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि ती बहुधा जन्मभर राहते. पुढे दात भरतानाही ती त्रास देऊ शकते. बोटांना खाज सुटली तर नक्षी कितीही सुरेख असो, जेल काढून घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.