निरीक्षणाची वही आणि गेंड्याचं पिल्लू

"पुढे काय व्हायचंय?" या प्रश्नाला एखादी मुलगी "मला प्राणिसंग्रहालयात काम करायचंय" असं उत्तर देते, तेव्हा वर्गात हशा पिकतो. शिक्षकांनाही चटकन काही सुचत नाही. पिंजरे झाडणं, प्राण्यांना खाऊ घालणं याशिवाय या कामात असतं तरी काय? त्यात शिकण्यासारखं, वाढण्यासारखं काही आहे का?

याचं एक उत्तर कोलकात्याला मिळतं. तिथलं अलीपूरचं प्राणिसंग्रहालय १८७६ साली सुरू झालं. रामब्रह्म सान्याल हा तरुण त्याच वर्षी तिथे साधा रोजंदार म्हणून लागला. तो वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी होता, पण डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्याला शिक्षण सोडावं लागलं होतं. मजुरांवर देखरेख करणं, झाडं लावून घेणं अशी कामं त्याच्याकडे होती. पुढे हाच तरुण या संग्रहालयाचा अधीक्षक झाला.

सान्यालांनी वेगळं काय केलं? त्यांनी नोंदी ठेवल्या. कोणता प्राणी काय खातो, काय टाकून देतो, उन्हाळ्यात कसा वागतो, कशाने आजारी पडतो, पिल्लं कधी होतात, हे सारं ते टिपत गेले. या नोंदींच्या आधारे त्यांनी बंदिस्त प्राण्यांच्या व्यवस्थापनावर एक इंग्रजी हस्तपुस्तिका लिहिली. ती १८९२ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी, १८८९ साली, त्यांच्या देखरेखीखाली सुमात्रा जातीच्या गेंड्याचं एक पिल्लू जन्मलं होतं.

त्या वेळी या घटनेचं मोल फारसं कुणाला कळलं नसेल. प्राणिसंग्रहालयात असं पुढचं पिल्लू जन्मायला ११२ वर्षं लागली!

इतका वेळ का लागला? सुमात्राचा गेंडा झपाट्याने कमी होत होता. म्हणून १९८४ ते १९९६ या काळात ४० गेंडे पकडून त्यांची पैदास करण्याचा प्रयत्न झाला. पण पिल्लं होण्याऐवजी गेंडेच मरू लागले. अमेरिकेत पाठवलेल्या सातांपैकी तीनच उरले आणि ते सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र आणले गेले. त्यांतला नरही मरणाच्या दारात होता. तेव्हा त्याची देखभाल करणाऱ्या रक्षकाला शंका आली की चूक आहारात असावी. या गेंड्यांना वाळलेलं गवत दिलं जाई. पण हा गेंडा मुळात चरणारा नव्हे, जंगलातला झाडपाला खाणारा. वड-उंबराच्या गोत्रातल्या झाडांचा पाला विमानाने मागवून त्याच्यापुढे टाकला. त्याने तो खाल्ला आणि तो जगला.

प्रश्न अजून संपला नव्हता. नर आणि मादी एकत्र आले की भांडत. मादी माजावर केव्हा येते हेच कळत नव्हतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी रोज सोनोग्राफी आणि रक्तातल्या संप्रेरकांची तपासणी सुरू केली. त्यातून कळलं की या मादीत बीजांड आपोआप बाहेर पडत नाही, मिलन झाल्यावरच पडतं. सशांमध्येही असंच असतं. आता दोघांना केव्हा एकत्र सोडायचं हे ठरवता येऊ लागलं. तरीही पाच वेळा गर्भ टिकला नाही. सहाव्या वेळी मादीला संप्रेरक दिलं आणि २००१ साली सुमारे १६ महिन्यांच्या गर्भारपणानंतर पिल्लू जन्मलं. हा नर २००७ साली सुमात्राला पाठवला गेला आणि २०१२ साली तिथे बाप झाला. आज जगात हे गेंडे पन्नासही उरले नसावेत असा अंदाज आहे. त्यामुळे एकेक पिल्लू मोलाचं आहे.

या गोष्टीत शास्त्रज्ञ आहेत, डॉक्टर आहेत आणि रोज गेंड्यासमोर उभा राहणारा रक्षकही आहे. पहिली शंका त्याला आली. रक्षकाचा दिवस सकाळच्या गणतीने सुरू होतो. सगळे प्राणी आहेत ना? काल दिलेलं अन्न किती उरलं? विष्ठा कशी आहे? कुणी लंगडतंय का? रानटी प्राणी दुखणं लपवतो, कारण जंगलात अशक्त दिसणाऱ्यावर आधी झडप पडते. म्हणून आजार ओळखायचा तो अशा बारीक खुणांवरूनच. कुलपं दोनदा तपासणं हाही याच शिस्तीचा भाग. तिथली चूक जिवावर बेतते.

आपल्याकडे या कामाच्या वाटा कोणत्या? महापालिका आणि वन खातं यांच्या संग्रहालयांत रक्षकांची पदं असतात. शिक्षणाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण देशभरातल्या संग्रहालयांवर देखरेख करतं आणि रक्षकांसाठी प्रशिक्षणंही घडवून आणतं. पशुवैद्य व्हायचं तर बारावीला जीवशास्त्र हवं आणि पुढे साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. प्राणिशास्त्र किंवा वन्यजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना संग्रहालयात जीवशास्त्रज्ञ म्हणून काम मिळू शकतं. मात्र पदं थोडी आहेत, काम अंगमेहनतीचं आहे आणि दिवाळीच्या दिवशीही प्राण्यांना भूक लागते, हे विद्यार्थ्याला आधीच सांगावं.

या कामाची पहिली परीक्षा मात्र शाळेतच घेता येईल. विद्यार्थ्यांना शेळी, कावळा किंवा गल्लीतला कुत्रा रोज दहा मिनिटं, महिनाभर पाहायला सांगा. अट एकच : "कुत्रा रागावला" असं लिहायचं नाही. "कान मागे, शेपूट ताठ, दात दिसले" असं लिहायचं. जे दिसलं ते आधी, अर्थ नंतर. महिन्याअखेरीस ज्या वहीची पानं भरलेली असतील, तिच्या मालकिणीला कुणी हसू नये. तिने सान्यालांचं काम सुरू केलेलं असेल.