कायद्याबाहेरचे विष

अमली पदार्थांचा विषय निघाला की आपली दृष्टी प्रथम कायद्याकडे वळते. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गांजा, अफू, एल.एस.डी. यांच्या व्यापारावर कडक निर्बंध घातले. बंदीने वस्तू दुर्मीळ व महाग होते, हे अर्थशास्त्राचे साधे गणित त्यामागे आहे.

परंतु जी वस्तू फुकट मिळते, तिचे काय? साऱ्या वऱ्हाडाप्रमाणे बाळापूरलाही उकिरड्यावर, पडीक रानात धोतरा आपोआप उगवतो. त्याचे फळ महादेवाला वाहिले जाते. त्याच्या बियांतील ॲट्रोपीन, स्कोपोलामीन ही द्रव्ये मनुष्याला भ्रमिष्ट करतात. तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, समोर नसलेली माणसे दिसू लागतात. प्रसंगी प्राणही जातो. या द्रव्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते; म्हणून ‘थोडेसे’ खाणेही सुरक्षित नव्हे.

सदर कायद्याच्या यादीत धोतरा नाही. असता, तरी प्रत्येक कुंपणापाशी पोलीस उभा करणे शक्य नव्हते. येथे दंडापेक्षा ज्ञानच उपयोगी पडेल. शाळेत हे झाड व ही लक्षणे मुलांना ओळखता आली पाहिजेत. आणि लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास इस्पितळात नेले पाहिजे. विष फुकट मिळत असेल, तर निदान त्याविषयीचे शिक्षण तरी महाग असू नये.