कॉलेजचं नेटवर्क पोरांच्या हाती

पुण्यात २०१५ सालापासून मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर आहेत. कंपनीच्या नकाशावर त्या भागाचं नाव 'सेंट्रल इंडिया'. ॲमेझॉनने मुंबईत आपलं केंद्र २०१६ च्या जूनमध्ये सुरू केलं, गूगलने २०१७ मध्ये. ज्याला सगळे क्लाउड म्हणतात, ते साताऱ्याच्या स्टँडवरून एसटीने गाठता येईल इतकं जवळ आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. नुसतं अंतर धरलं, तर सांगलीहून निघालेला संदेश दोनेक मिलिसेकंदांत मुंबईत पोचावा. जतच्या किंवा पाटणच्या मुलाला मात्र ते केंद्र चालवणाऱ्याच्या खुर्चीपर्यंत पोचायला तीन वर्षं, डझनभर परीक्षा आणि वर पुण्यातल्या क्लासची फी लागते. त्या क्लासमध्ये जे शिकवतात, त्यातलं बरंचसं गावाकडच्या कॉलेजात शिकवता येण्यासारखं आहे. त्यासाठी लागणारी परंपरा सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत शंभर वर्षांपूर्वी सुरू झाली.

आधी आज काय आहे ते पाहू. दहावीनंतर आयटीआयला 'कोपा' नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे: कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. कराड आणि मिरजेला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. बारावीनंतर बीसीएस, बीसीए. इंजिनिअरिंगला जायचं तर सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय महाविद्यालय, साखराळ्याचं राजारामबापू. नोकरीतल्या किंवा घर सांभाळणाऱ्या माणसाला १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, आणि ज्यांच्या नावाने ते उभं राहिलं ते यशवंतराव याच भागातल्या देवराष्ट्र्याचे. या सगळ्याच्या खाली पायासारखी पसरलेली संगणक-ओळखीची एमएस-सीआयटी. २००१ साली ती चालवणारं एमकेसीएल स्थापन झालं आणि तालुक्याच्या गावी, मोठ्या बाजारगावी संगणकाची केंद्रं निघाली. आज चाळिशीत असलेल्या कित्येकांनी माउसला पहिला हात लावला तो तिथेच.

गावाजवळ, कामाशी जोडलेलं शिक्षण देणाऱ्या कॉलेजचं 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव आपल्याकडे उशिरा आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये त्या नावाची योजना आणली आणि पाठोपाठ २०१४ मध्ये बी.व्होक. ही पदवी. बी.व्होक.ची रचना मला फार मोलाची वाटते. पहिल्या वर्षाचे ६० क्रेडिट झाले की डिप्लोमा, दुसऱ्या वर्षाअखेर १२० झाले की ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, १८० झाले की पदवी. दरवर्षीच्या ६० पैकी ३६ क्रेडिट हाताने करायच्या कामाचे, २४ बाकीच्या अभ्यासाचे. वडील आजारी पडले, बहिणीचं लग्न ठरलं, द्राक्षबागेचं वर्ष बुडालं आणि मुलाला मधेच थांबावं लागलं, तरी केलेलं वर्ष वाया जात नाही. आपल्या भागात शिक्षण सुटतं ते बहुतेक वेळा अशाच कारणांनी. म्हणून ही तरतूद प्रवेशाच्या दिवसांत घराघरांत पोचायला हवी होती. ती बहुतेक ठिकाणी माहितीपुस्तिकेतच राहिली.

उलट २०२४ मध्ये बीसीए हा अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत गेला आणि त्याला राज्याची सीईटी लागू झाली. मे महिन्यात परीक्षा झाली, जागा उरल्या, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली. बारावीच्या निकालानंतर थेट जवळच्या कॉलेजात जाऊन फॉर्म भरायची ज्यांची सवय, त्यांना सीईटीचा अर्ज आधीच संपला हे कळेपर्यंत जून उजाडला होता. दर्जा राखायला परीक्षा हवी, हे मला मान्य आहे. पण जो अभ्यासक्रम शेतकऱ्याच्या, हमालाच्या मुलाला जवळच्या गावात मिळत होता, त्याच्या दारात नवा उंबरा घालताना त्या मुलापर्यंत निरोप पोचवायची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी होती.

निरोप घेऊन दारोदार जाणारा एक माणूस याच भागात होऊन गेला. भाऊराव पाटील ओगल्यांच्या काच कारखान्याच्या मालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या पोराची शाळा कुठे अडते, हे त्यांनी त्या फिरतीत पाहिलं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला आली. सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला जेवणाऱ्या तिथल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये गांधीजींनी छत्रपती शाहूंचं नाव दिलं. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९४७ च्या जूनमध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, आणि 'कमवा आणि शिका' ही योजना कॉलेजच्या पातळीवर आली. मुलांनी जमीन फोडली, शेती केली, बांधकामावर हात चालवले आणि त्या श्रमातून शिक्षण घेतलं.

त्याच १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाचा उच्च शिक्षणावरचा अहवाल निघाला. गावाजवळ, कमी खर्चात, कामाशी जोडलेलं दोन वर्षांचं कॉलेज सगळ्यांना मिळावं, अशी त्याची शिफारस होती. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव त्या अहवालाने रूढ केलं. साताऱ्यात तोवर सहा महिने वर्ग भरत होते. आज त्याच शिवाजी कॉलेजसह साताऱ्यातली रयतची तीन महाविद्यालयं मिळून २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आहे. रयतच्या अनेक महाविद्यालयांत कमवा आणि शिका आजही चालू आहे: मुलं बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काम करतात.

इथे माझं मुख्य म्हणणं येतं. भाऊरावांच्या वेळी कॉलेजची सगळ्यात मोठी मालमत्ता जमीन होती, म्हणून मुलांनी जमिनीत काम केलं. आज कॉलेजच्या भिंतींतून नेटवर्क पसरलेलं आहे. ते चालवण्याचं काम बीसीएस, बीसीए, बी.व्होक.च्या मुलांना, मोबदला देऊन, दिलं पाहिजे. एरवी होतं असं, की वायर ओढायला बाहेरचा ठेकेदार येतो आणि रॅकला कुलूप लागतं. मुलं मात्र त्याच इमारतीत 'नेटवर्कचे प्रकार सांगा' या प्रश्नाचं उत्तर पाठ करतात.

हाताने केल्याशिवाय काय कळत नाही, त्याचं एक अगदी लहान उदाहरण देतो. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ दिलेल्या. टोकाला आरजे-४५ कनेक्टर बसवायचा, तर तारा एका ठरलेल्या क्रमाने लावतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मध्येच हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी का येते? नवख्या मुलाला ते चुकीचं वाटतं. तो हिरव्या दोन्ही शेजारी-शेजारी बसवतो, दोन्ही टोकांना तसंच करतो, क्रिम्पिंगचं हत्यार दाबतो. टेस्टर लावला की आठही दिवे क्रमाने लागतात. जर्नलमध्ये 'केबल तपासली, बरोबर' असं लिहून सर सही करतात. तीच केबल पन्नास मीटर लांबीची करून वापरली की नेट अडखळतं, फाइल अर्ध्यात तुटते. कारण तिसरी आणि सहावी पिन मिळून एक संकेत वाहतात आणि त्या दोन तारा एकाच पिळातल्या असाव्या लागतात. पीळ असेल तरच शेजारच्या तारांचा गोंगाट एकमेकांत खोडला जातो. टेस्टर फक्त जोडणी पाहतो, पीळ पाहत नाही. प्राचार्यांच्या केबिनमधलं नेट का तुटतं, हे शोधायला दोन तास घालवलेली मुलगी ही गोष्ट जन्मभर विसरणार नाही. परीक्षेत या प्रश्नाला बहुधा दोन मार्क असतात.

सबनेटिंगही असंच. २५६ पत्त्यांचं एक जाळं घेऊन त्याचे चार भाग केले की प्रत्येकाला ६४ मिळतात. त्यातला पहिला आणि शेवटचा राखून ठेवायचा, वापरायला उरतात ६२. फळ्यावर हे गणित कोरडं वाटतं. एकाच पाटाचं पाणी चार वाफ्यांत वळवायचं, ऑफिसचा वाफा वेगळा, लॅबचा वेगळा, पाहुण्यांच्या वाय-फायचा वेगळा, असं म्हटलं की या भागातल्या मुलाला पुढचं सांगावं लागत नाही. ज्या कॉलेजात राउटर नाहीत तिथे सिस्कोचं पॅकेट ट्रेसर आहे. ते फुकट मिळतं, साध्या संगणकावर चालतं आणि खऱ्या यंत्राच्या आज्ञा त्यावर गिरवता येतात.

या भागाकडे नेटवर्कचा आणखी एक धडा आहे, आणि तो मी पहिल्याच सेमिस्टरला लावला असता. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवती कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी माहिती केंद्रं निघाली. शेतकऱ्याने तिथे जावं, ऊसनोंद पाहावी, तोडीचं परमिट घ्यावं, कारखान्यावर किती वजन भरलं ते कळून घ्यावं, अशी योजना होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू इथल्या संशोधकांनी पाहिलं, तेव्हा लोकांचा खरा उपयोग याच चार-दोन कामांपुरता होता, आणि तेवढ्यासाठी संगणक, वीज, फोनलाइन सांभाळणं महाग पडत होतं. त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि सगळी देवाणघेवाण एसएमएसने केली. जुनी सगळी कामं त्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना तेच जास्त सोयीचं वाटलं. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांचा 'वारणा अनवायर्ड' हा शोधनिबंध या विषयात जगभर वाचला जातो. वाळव्या-शिराळ्याच्या कॉलेजात तो वाचला जायला हवा. कुणाला काय कळवायचं आहे, किती वेळा, किती अक्षरांत, हे आधी विचारावं आणि मग यंत्र निवडावं, एवढी समज त्यातून येते. पुण्या-मुंबईच्या महागड्या सल्लागारांकडेही ती कधीकधी नसते.

क्लाउडचं शिक्षण तर सांगलीला नदीनेच दिलं आहे. कृष्णा वाढायला लागली की अख्खं शहर आयर्विन पुलाच्या पातळीवर डोळा ठेवतं: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. दुकानं, पतसंस्था, दवाखाने बुडाले. खतावण्या भिजल्या आणि टेबलाखाली ठेवलेले संगणकही. ज्याची एक प्रत दुसऱ्या शहरात होती तो पुन्हा उभा राहिला. म्हणून बॅकअप शिकवताना पुस्तकातलं कुठलं तरी परदेशी उदाहरण कशाला? गावभागातली एक पतसंस्था घ्यावी, तिची नोंद रोज रात्री मुंबईच्या केंद्रात जाईल अशी व्यवस्था मुलांनी करावी, आणि महिन्यातून एकदा ती प्रत परत आणून उघडून दाखवावी. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. मोठ्या कंपन्या विद्यार्थ्यांना मर्यादित क्लाउड फुकट वापरायला देतात; त्यावर हे सगळं बसतं. पुलाची पातळी वाचून गावांना एसएमएस पाठवणारा पायथनचा छोटा प्रोग्रॅम हा प्रोजेक्ट म्हणून दरवर्षीच्या 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम'पेक्षा कितीतरी पटीने मोलाचा ठरेल.

अडचण इंग्रजीची आहे, आणि ती खरी आहे. मराठी माध्यमातून आलेला मुलगा लूप समजतो, एरर मेसेज वाचताना थबकतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने, प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, लिनक्स, पायथन, जावा असे विषय छोट्या चित्रफितींतून मराठीतही आणले आहेत. एका खिडकीत फीत, शेजारच्या खिडकीत आपला हात, अशी त्याची पद्धत. पडद्यावरच्या आज्ञा इंग्रजीतच राहतात, समजावणं मराठीत होतं. मला हीच वाट योग्य वाटते. एरर मेसेज मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, असा दहा मिनिटांचा पाठ रोजच्या प्रॅक्टिकलमध्ये घातला तरी वर्षभरात मुलांची भीती मोडते.

आता मुलांच्या हाती नेटवर्क द्यायचं म्हटलं की पहिली शंका सुरक्षेची येते. परीक्षेचं आणि फीचं काम वेगळ्या जाळ्यावर ठेवावं, त्याच्या चाव्या कर्मचाऱ्यांकडेच असाव्यात. बाकीचं, म्हणजे लॅब, ग्रंथालय, वसतिगृहाचं वाय-फाय, कॉलेजची वेबसाइट, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींच्या एका गटाकडे द्यावं. कुठला स्विच कुठे आहे, कधी काय बिघडलं, कुणी कसं दुरुस्त केलं, याची वही त्यांनी ठेवावी. ती वही पुढच्या गटाकडे जावी. मुलाखतीत प्रमाणपत्राशेजारी ही वही ठेवता आली, तर समोरच्याला विचारायला खरे प्रश्न मिळतील. मुलींना या गटात निम्म्या जागा हव्यात. शिडीवर चढून वायर ओढायचं काम मुलांचं, अशी वाटणी आपोआप होते, आणि शिकण्यासारखं सगळं त्या शिडीवरच असतं.

खर्च नवा नाही. नेटवर्कच्या देखभालीचा वार्षिक करार बहुतेक ठिकाणी असतोच. त्यातला काही भाग कमवा आणि शिकाच्या मानधनाकडे वळवायला संस्थेचा एक ठराव लागेल, आणि संध्याकाळी दोन तास थांबायला तयार असलेला एक शिक्षक, ज्याचे ते तास त्याच्या कामात धरले जातील.