सजीवांच्या घडणीतील महारेणू

ज्वारीच्या एकाच ताटापासून शेतकऱ्याच्या घरी दोन वस्तू येतात. कणसातील दाण्यांची भाकरी होते आणि उरलेला कडबा गोठ्यात जातो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता दाण्यातील स्टार्च आणि कडब्यातील सेल्युलोज या दोहोंची घडण ग्लुकोज या एकाच साखरेपासून झालेली असते. ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू साखळीतील कड्यांप्रमाणे परस्परांना जोडले जाऊन हे पदार्थ बनतात. फरक असतो तो केवळ कड्या जोडण्याच्या रीतीत. स्टार्चमधील सांधे माणसाच्या पाचकरसांना तोडता येतात, सेल्युलोजमधील येत नाहीत. गुरांच्या पोटात वास्तव्य करणारे सूक्ष्मजीव ते काम करतात, म्हणूनच कडबा हे गुरांचे अन्न ठरते, माणसाचे नव्हे.

अशा प्रचंड आकाराच्या रेणूंना महारेणू म्हणतात. कर्बोदके, मेद, प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले या चार वर्गांवर सर्व सजीवांची उभारणी झालेली आहे. यांपैकी मेदाचे रेणू काटेकोर अर्थाने लांब साखळ्या नसतात. तथापि त्यांचे कार्य इतके महत्त्वाचे आहे की त्यांची गणना या वर्गांबरोबरच केली जाते.

इंधन आणि साठा

कर्बोदके हे शरीराचे रोजचे इंधन होय. भाकरी, भात किंवा पोळी यांतील स्टार्चचे पचन होऊन ग्लुकोज रक्तात येते. जरुरीपेक्षा अधिक असलेले ग्लुकोज यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविले जाते. मेद हा याहून दाट साठा आहे. १ ग्रॅम कर्बोदकापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर १ ग्रॅम मेदापासून सुमारे ९. शिवाय प्रत्येक पेशीभोवतीचे आवरण मुख्यतः मेदवर्गीय पदार्थांचेच असते आणि अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे मेदातच विरघळतात.

वीस कड्यांची प्रथिने

स्नायू, केस, त्वचा आणि पचन घडवून आणणारी विकरे ही सर्व प्रथिनांची रूपे आहेत. ॲमिनो आम्ले या नावाच्या २० प्रकारच्या कड्यांपासून प्रथिने बनतात. त्यांपैकी ९ प्रकार माणसाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागतात. तृणधान्यांत लायसिन हे ॲमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत मेथिओनिन कमी असते. भाकरीबरोबर वरण किंवा पिठले खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. मुलांच्या आहारात धान्याला डाळीची जोड देण्यावर भर दिला जातो, त्याचे हे शास्त्रीय कारण होय.

मजकूर आणि त्याची आज्ञा

कोणत्या प्रथिनात कोणती कडी कोठे बसवावयाची, याची नोंद न्यूक्लिइक आम्लांत असते. त्यांपैकी डी.एन.ए. या महारेणूची दुहेरी पिळाची रचना वॉटसन व क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडली. तिला रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार होता. डी.एन.ए.ची लिपी चार अक्षरांची आहे. तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द बनतो आणि बहुतेक शब्द एकेका ॲमिनो आम्लाची खूण सांगतात. ही लिपी उलगडण्याच्या कार्याबद्दल भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ हरगोविंद खुराना यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक निरेनबर्ग व हॉली यांच्यासमवेत मिळाले.

एका कडीचा फरक

या लिपीतील एक अक्षर बदलल्यास काय घडते, याचे उदाहरण म्हणजे सिकलसेल हा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, अमरावती आदी जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांना त्याची झळ पोहोचलेली आहे. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे, एकूण ५७४ ॲमिनो आम्लांचे प्रथिन आहे. त्यातील बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, एवढाच काय तो दोष. हा आजार रेणूच्या दोषातून उद्भवतो, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. पुढे काही वर्षांतच व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी बदललेली कडी शोधून काढली.

असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून दिल्यावर एकमेकांना चिकटून त्याचे ताठ धागे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही मात्र थोड्याच दिवसांत नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय होतो, आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबल्याने असह्य वेदना होतात. भाकरी-डाळीच्या आहाराने कुपोषण दूर होऊ शकते, परंतु डी.एन.ए.तील अक्षर कोणत्याही आहाराने बदलत नाही. केवळ लोहाच्या गोळ्यांनीही हा रक्तक्षय बरा होत नाही.

गावाने काय करावे?

दोष एकाच पालकाकडून आला असल्यास ती व्यक्ती केवळ वाहक असते आणि सामान्यतः निरोगी जीवन जगते. मात्र आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घेण्याचे महत्त्व यातच आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून, २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

तपासणीस सहकार्य मिळणे हे मुख्यतः गावातील विश्वासावर अवलंबून असते. हा संसर्गजन्य रोग नाही, स्पर्शाने होत नाही आणि त्यात आईचा एकटीचा दोष नसतो, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत स्पष्टपणे सांगितल्यास अनेक सुनांची बोलणी टळतील. वारंवार हातपाय दुखतात म्हणून गैरहजर राहणारा विद्यार्थी कामचुकार आहे, असे समजण्यापूर्वी त्याची तपासणी झाली आहे किंवा नाही, हे शिक्षकांनी पाहावे. अशा मुलास भरपूर पाणी पिऊ द्यावे व कष्टाच्या कवायतीतून सवलत द्यावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या आजाराचा समावेश असल्याने पात्र रुग्णांना प्रमाणपत्र मिळवून देण्यास अधिकाऱ्यांनी साहाय्य करावे.

५७४ कड्यांमधील एका स्थानाचा बदल डोळ्यांना दिसत नाही. परंतु तो वेळीच ओळखला गेला, तर योग्य औषधोपचार व काळजी यांच्या साहाय्याने रुग्णाचे आयुष्य पुष्कळ सुसह्य करता येते, आणि पुढील पिढीला तो आजार होण्याची शक्यताही कमी करता येते.