जुन्या तंबोऱ्याचे मोल

गवसणी घातलेला तंबोरा कोपऱ्यात उभा आहे, हे दृश्य महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांना एके काळी परिचयाचे होते. गाणारी पिढी काळाच्या पडद्याआड गेली, वाड्यांच्या जागी सदनिका आल्या, आणि सुराच्या साथीसाठी खिशातला दूरध्वनीही पुरेसा वाटू लागला. परिणामी कोपऱ्यातला तंबोरा माळ्यावर गेला. दुसरीकडे गाणे शिकू लागलेल्या मुलामुलींचे पालक नव्या तंबोऱ्याची किंमत ऐकून जुन्याच्या शोधात हिंडत असतात. विकणारा आहे, घेणाराही आहे. तरीही दोघांची गाठ पडून समाधानाचा व्यवहार क्वचितच होतो. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर संगीतशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. त्या विचाराचे महत्त्व इतके, की 2001 साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वस्तूतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. समजा, चांगला जुना तंबोरा वीस हजारांचा आणि सदोष तंबोरा सहा हजारांचा आहे. दोहोंत फरक करता न येणारा ग्राहक सरासरी धरून तेरा हजारच देऊ करील. त्या भावात चांगल्या तंबोऱ्याचा मालक विकायला तयार होत नाही. सदोष तंबोऱ्याचा मालक मात्र आनंदाने पुढे येतो. हळूहळू बाजारात वाईट मालच उरतो, आणि चांगली वाद्ये माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन होतात. यात लबाडी कोणी केलीच पाहिजे असे नाही. केवळ अज्ञानही तेवढेच नुकसान करते. कारण तंबोऱ्याच्या बाबतीत पुष्कळदा विकणाऱ्या वारसालाही त्यातले काही कळत नसते.

दोष कोणते, दुरुस्त्या कोणत्या

तेव्हा पहिली गरज आहे ती परीक्षेची. तंबोऱ्याचे दोष दोन प्रकारचे असतात: थोड्या खर्चात निघणारे आणि वाद्याच्या मुळावर येणारे. या दोहोंतला भेद न कळल्यामुळे ग्राहक नेमक्या उलट चुका करतो. गंजलेल्या तारा, फिरकी न धरणाऱ्या खुंट्या, हरवलेले मणी आणि बिघडलेली जवारी पाहून तो चांगले वाद्य नाकारतो. आणि झळझळीत पॉलिशला भुलून आतून खचलेले वाद्य घरी आणतो. तारा बदलता येतात, खुंटी नव्याने बसवता येते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि आवाज बोथट होतो. पण कुशल कारागीर कानस चालवून जवारी पुन्हा काढून देतो, आणि घोडी फारच झिजली असेल तर नवी बसवतो.

खरी तपासणी भोपळा, तबली, गळा आणि दांडी यांची. भोपळ्याला गेलेली बारीक चीर आतून सांधता येते. पण चीर तबलीच्या कडेपर्यंत किंवा गळ्यापर्यंत पोहोचली असेल, तर तारांच्या ताणाखाली ती वाढत जाण्याची भीती असते. लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी भोके असतील आणि वाद्य हलवताच त्यांतून ताजा भुसा पडत असेल, तर कीड अजून जिवंत आहे असे समजावे. घोडीखालची तबली दबली आहे काय, हे तिरप्या उजेडात पाहावे. घोडीच्या बाजूने एक डोळा मिटून दांडीकडे पाहिले म्हणजे तिचा बाक किंवा पीळ लक्षात येतो. दांडी जेथे भोपळ्याला मिळते तो सांधा उघडला असेल, तर वाद्य स्वराला टिकत नाही. एखाद्याच भागावर नवे पॉलिश किंवा नवी नक्षी दिसली, तर तिच्याखाली काय झाकले आहे, असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

यानंतर कानाची परीक्षा. तंबोरा आपल्या स्वरात लावून घ्यावा. विकणाऱ्याच्या स्वरात नव्हे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाला जो तंबोरा उत्तम, तो काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीला निरुपयोगी ठरू शकतो. कारण बायकी तंबोऱ्याची लांबी आणि तारांची जाडी निराळी असते. ‘मोल’ हा शब्द वस्तूबरोबरच वापरणाऱ्याशीही बांधलेला असतो, तो असा. जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिसळतात काय, खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून गंधार ऐकू येतो काय, हे शांत खोलीत ऐकावे. मग तासाभराने, जमल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा ऐकावे. जुन्या तारा पहिल्या तासात थोड्या उतरल्या तर बिघडत नाही. पण पुन्हा पुन्हा लावूनही वाद्य उतरतच असेल, तर त्याचे कारण सापडेपर्यंत पैसे देऊ नयेत.

काही गोष्टी किंमत वाढवतात अशी समजूत असते, तीही पारखून घेतली पाहिजे. ‘अमुक बुवांच्या मैफलीतला तंबोरा’ ही ओळख लेखी पुराव्यावाचून केवळ आख्यायिका असते. तिचे पैसे द्यायचे की नाहीत, हा भक्तीचा प्रश्न आहे, सुराचा नव्हे. नक्षीत किंवा घोडीत हस्तिदंत असेल, तर ती शोभा विक्रीच्या वेळी अडचण ठरते. कारण 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्या यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद केला आहे. ‘जुने तेवढे गोड’ हेही अर्धसत्यच. लाकूड मुरते हे खरे. पण ते कुजतेही.

मग किंमत ठरवावी कशी? तेवढ्याच दर्जाच्या नव्या तंबोऱ्याची किंमत धरावी. तिच्यातून दुरुस्तीचा खर्च, ने-आणीचा खर्च आणि न दिसलेल्या दोषाच्या धोक्याची रक्कम वजा करावी. राहील ती ग्राहकाची कमाल मर्यादा. नवा पंचवीस हजारांना मिळत असेल, दुरुस्तीस चार हजार, वाहतुकीस दीड हजार आणि धोक्यापोटी तीन हजार धरले, तर साडेसोळा हजारांच्या पुढे जाण्याचे कारण नाही. विकणाऱ्यानेही एक हिशेब करावा: न वाजणारे वाद्य प्रत्येक पावसाळ्यात झिजत असते, म्हणजे वाट पाहण्यालाही किंमत पडते. या दोन आकड्यांच्या मधली जागा हीच घासाघिशीची न्याय्य जागा होय.

मानांकन पुरेसे नाही

या प्रश्नाची दुसरी बाजू मिरजेशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये घडवण्यास प्रारंभ केला. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि अब्दुल करीम खाँ यांच्या वास्तव्याने हे गाव गाण्याचे झाले, आणि पंढरपूरच्या परिसरातील कडू भोपळ्यांना मिरजेत सूर लाभला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची बाब आहे. परंतु मानांकन वाद्य कोठे घडले ते सांगते. पन्नास वर्षांनंतर ते कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगू शकत नाही. जुन्या बाजारात उणीव आहे ती नेमकी याच माहितीची.

ती भरून काढण्यास फार मोठी योजना नको. जुन्या वाद्याची तपासणी करून दोष, दुरुस्तीचा अंदाज आणि योग्य स्वर यांचे टिपण कारागिराने सहीनिशी द्यावे आणि त्याचे शुल्क घ्यावे. त्या शुल्काचा वाद्याच्या विक्रीशी संबंध नसावा, म्हणजे टिपण निःपक्ष राहील. नव्या वाद्याबरोबर दुरुस्तीच्या नोंदींची वही देण्याची प्रथा पडावी. संगीत विद्यालयांनी वर्षातून एकदा अशा तपासणीचा दिवस ठेवल्यास माळ्यावरची वाद्ये खाली येतील आणि विद्यार्थ्यांना परवडतील.

यात कारागिराचे नुकसान होईल, ही शंका रास्त वाटली तरी खरी नव्हे. जुनी वाद्ये वाजू लागली की जवारी काढण्याचे, सांधे बसवण्याचे काम वाढते, आणि जुन्या तंबोऱ्यावर शिकलेला विद्यार्थीच पुढे नव्याचा ग्राहक होतो. आज ज्याच्या हाती कानस आहे, त्या माणसाचे डोळे आणि कान हीच या बाजारातली दुर्मीळ वस्तू आहे. नव्या वाद्याच्या किमतीत तिचे पैसे मिळतात. जुन्याच्या परीक्षेत ती बहुधा फुकट मागितली जाते. तिचे मोल आधी चुकते झाले, तरच जुन्या तंबोऱ्याचे मोल ठरू शकेल.