हळू धावण्यातली गंमत

धावणे म्हटले की आपल्याला शर्यतच आठवते. शर्यतीत नंबर तिघांचेच येतात. मग बाकीचे म्हणतात, "आपल्याला काय धावता येत नाय." मला मात्र हळू धावायलाच आवडते. रविवारी सकाळी आम्ही चौघे दादाबरोबर माळावरच्या पायवाटेने धावतो.

हळू म्हणजे किती? धावता धावता गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली, की वेग कमी करावा. जोरात पळताना स्नायूंना प्राणवायू जास्त लागतो. तो पुरेनासा झाला की आपण लवकर दमतो. हळू धावले की तो पुरतो, म्हणून लांबवर जाता येते. चढ आला की खुशाल चालावे. उतारावर पावले लहान टाकावीत, म्हणजे गुडघ्यांना हिसके कमी बसतात.

शिवाय पुष्कळ काही दिसते. उन्हाळ्यात टिटवी माळावर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती अगदी खड्यांसारखी दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडू लागली, की आम्ही वळसा घालून जातो. भरधाव पळणाऱ्याच्या पायाखाली ती अंडी सहज येतील.

आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. दहावा नंबर काय कमी आहे? म्हणून पालकांनो, आम्ही शर्यतीत मागे राहिलो तर रागावू नका. एखाद्या सकाळी आमच्याबरोबर माळावर या. तिथे नंबर नसतात, सगळे बरोबरच घरी येतात.